त्रयोदशी धरून काढलेलं तिकीट

रेवदंड्यापासून चौलपर्यंत गेली पंचवीस वर्षं कुणाच्याही दारात लग्नाचा मंडप उभा राहिला, की त्याचा पहिला बांबू माझा असे. कनाती, झालरी, गाद्या, नवरा-नवरीच्या दोन सिंहासनछाप खुर्च्या, सगळं माझं. शिवाय माइक हातात घेऊन पाहुण्यांचं स्वागत करायला मी फुकट. लोक म्हणत, याला मंडपाचं भाडं द्या, पण माइक देऊ नका. दुसऱ्यांची इतकी लग्नं उभी केली आणि स्वतः मात्र सेहेचाळीस वर्षांचा होईपर्यंत बिनलग्नाचा राहिलो. कारण काही मोठं नव्हतं. लग्नाच्या हंगामात मला स्वतःच्या लग्नाला वेळ नसे, आणि हंगाम संपला की मुहूर्त नसे.

मग ती आली. चौलची माहेरवाशीण, वीस-बावीस वर्षांपूर्वी अमेरिकेला गेलेली, तिकडे नर्स आणि तिकडचीच नागरिक. पुतणीच्या लग्नाला आली होती आणि मंडपात पंखा फिरत नाही म्हणून माझ्याशी भांडायला उभी राहिली.

"हा पंखा शोभेचा आहे का?"

"बाई, लाइट गेलीय."

"मग जनरेटर कशाला आणलाय? फोटो काढायला?"

जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं. तेवढ्यावरून आम्ही पाऊण तास भांडलो. पुढच्या वर्षी तिच्याच माहेरच्या सुपारीच्या वाडीत मी माझाच मंडप माझ्यासाठी बांधला. त्या दिवशी जनरेटर गळ्यापर्यंत भरलेला होता.

तिच्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. तिचं हे दुसरं लग्न. पहिला नवरा तिने असाच इथून नेला होता. त्याला तिकडे राहायचे पक्के कागद मिळेपर्यंत तो तिच्याबरोबर राहिला आणि मिळाल्यावर चार महिन्यांत निघून गेला. मधल्या काळात दोघांना सरकारी कचेरीत बोलावून विचारलं होतं की लग्न खरं आहे ना. एकत्र काढलेले फोटो, दोघांच्या नावाची बिलं, शेजाऱ्यांची पत्रं, सगळं मागितलं होतं. तिने खुर्चीत बसून सांगितलं होतं, हो, खरं आहे. तिच्या बाजूने ते खरंच होतं.

आता माझ्या व्हिसाचा प्रकार असा. नागरिकाच्या नवऱ्याला तिकडे कायम राहायचा व्हिसा मिळतो, पण त्यात एक मेख असते. तिकडच्या जमिनीवर पाऊल टाकता त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील, तर कार्ड मिळतं दोन वर्षांचं. ती संपत आली की दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा आणि लग्न अजून खरं आहे याचे पुरावे जोडायचे. दोन वर्षं उलटून गेल्यावर पाऊल टाकलंत, तर कार्ड सरळ दहा वर्षांचं. कुणी काही विचारत नाही.

माझी डॉक्टरी तपासणी गौरी-गणपती उठल्यावर झाली आणि दसऱ्याच्या सुमारास व्हिसा हातात आला. तपासणीपासून सहा महिन्यांच्या आत जायला हवं होतं, म्हणजे नेमकं होळीच्या दिवसांपर्यंत. दुसऱ्याच दिवशी विमानात बसायची माझी तयारी होती. दीड वर्ष आम्ही फोनवर संसार करत होतो. ती कामावरून येऊन झोपायला निघे तेव्हा मी जेवायला बसे. पण ती म्हणाली, "थांब."

"अगं, बॅग भरलीय!"

"रिकामी कर. आपल्या लग्नाला दोन वर्षं होऊ देत, मग ये. होळीच्या आधी होतायत ना? मग झालं. मला पुन्हा ते फोटो गोळा करायचे नाहीत. दोन वर्षं तुझ्या शेजारी उभी राहून मी पुराव्यासाठी हसायचं का?"

मी नाटक्या माणूस, पण तिथे कसलंही नाटक न करता बॅग रिकामी केली. थांबलो. तिने दिवाळी एकटीने काढली, बर्फाचे दिवस एकटीने काढले. दरवाजासमोरचा बर्फ फावड्याने उपसताना फोन कानाला लावून मला शिव्या घातल्या, पण एकदाही ये म्हणाली नाही.

तिकिटाचं काम मी माझ्याकडे घेतलं. म्हटलं, "आपला लग्नाचा वाढदिवस झाला की दोन दिवसांत निघतो. नेमका दिवस विचारू नकोस. एक दिवस दाराची बेल वाजेल, तू दार उघडशील, आणि समोर मी!"

"तारीख नीट बघशील ना?"

"मला सांगतेस? मुहूर्त बघणं हा माझा धंदा आहे."

धंदा होताच, आणि घात तिथेच झाला. आमच्या घरात वाढदिवस, श्राद्ध, लग्नाचा दिवस, सगळं तिथीने. आई गेली तीही माझ्या लेखी वद्य पंचमीला. इंग्रजी तारीख विचाराल तर मला दाखला काढावा लागेल. आमचं लग्न माघ शुद्ध त्रयोदशीचं. लग्नाच्या दाखल्यावर फेब्रुवारीची तारीख होती आणि मी ती पन्नास फॉर्मांवर भरली होती. पण ती तारीख सरकारची आणि त्रयोदशी आमची, असंच माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. पहिल्या वर्षी ती सुट्टी घेऊन इथे आली होती, तेव्हा त्रयोदशीला मी सत्यनारायण घातला होता. त्यानंतर बारा-एक दिवसांनी तिने एक केक आणला. दुसऱ्या दिवशी ती परत जायची होती. मला वाटलं, केक निरोपाचा. मी तो भरल्या डोळ्यांनी खाल्ला.

तर मी कालनिर्णयाचं पान उलटून माघातली त्रयोदशी शोधली, तिच्यापुढे दोन घरं मोजली आणि अलिबागच्या तिकीटवाल्याला दिवस सांगितला. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे मुहूर्त सांभाळले त्याला तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते हे माहीत नसेल का? होतं. म्हणून तर ती कॅलेंडरात शोधावी लागते. पण अमेरिकेचं सरकार माघ महिना मानत नाही, एवढीच एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

आता निरोपसमारंभाकडे येतो.

धंदा मी दाजींच्या हवाली केला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, मूळचे म्हसळ्याचे, कारखान्यातून निवृत्त होऊन आमच्या शेजारी राहायला आलेले. मालक होण्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता. त्यांनी माझ्याच मंडपात माझा निरोप ठेवला, मला माझ्याच सिंहासन खुर्चीवर बसवलं. शाल, नारळ, आणि माइक. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपणहून मला माइक दिला होता. मग मी कसला सोडतोय! या खाडीबद्दल बोललो, वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासाबद्दल बोललो, परत कधी दिसू कुणी सांगावं असं म्हणून मध्येच आवाज कापरा केला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शेजारची कोळीण मावशी तर हुंदके देऊन रडली. मला स्वतःलाही रडू आलं, आणि ते अस्सल होतं, असं मी अजूनही म्हणतो.

दुसऱ्या दिवशी त्रयोदशी. विमान परवाचं. ताईने पुरणपोळ्या केल्या. संध्याकाळी, म्हणजे तिकडे सकाळ झाल्यावर, मी नवा कुर्ता घातला, झेंडूचा हार गळ्यात अडकवला आणि व्हिडिओ कॉल लावला. ती स्वयंपाकघरात चहा ढवळत होती.

"लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, बाईसाहेब!"

"आज?"

"आज नाही तर काय पुढच्या महिन्यात?"

"हो," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात."

मी हसलो. ती हसली नाही. तिचा चमचा कपात तसाच उभा राहिला.

"तुझ्या मागे ती बॅग कसली आहे?"

"कुठली? ही? ही आपली... बॅग."

"तिला दोरी का बांधलीय?"

"तुला चकित करायचं होतं."

"कधीचं तिकीट आहे?"

"परवाचं."

ती खुर्चीवर बसली. बराच वेळ फोनच्या पडद्यावर मला फक्त तिची भांग पाडलेली जागा दिसत होती. मग मान वर करून ती अगदी हळू म्हणाली, "तेवीस दिवस बाकी आहेत. मी हा सगळा हिवाळा कशासाठी काढला?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पंख्यावरून पाऊण तास भांडणारी बाई ती. पण तेव्हा तिने माझ्याशी भांडणच केलं नाही. मी हार काढून ठेवला. ताई मागून विचारत होती, "पोळी दाखवलीस का तिला?"

सकाळी पहिली रिक्षा पकडून अलिबागला गेलो. तिकीटवाला दुकान उघडत होता. मला बघून म्हणाला, "काय शेठ, विमानतळ तिकडे आहे."

"तिकीट बदलायचंय."

"कधीचं देऊ?"

आता हिशेब सोपा होता, पण जागा अरुंद होती. खरा वाढदिवस एका रविवारी येत होता आणि व्हिसा त्यापुढच्या मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी संपत होता. मधले जेमतेम नऊ दिवस. त्याच्या अलीकडे उतरलो तर दोन वर्षांचं कार्ड. पलीकडे गेलो तर व्हिसा बाद, पुन्हा तपासणी, पुन्हा अर्ज, पुन्हा किती महिने देव जाणे. तिकीटवाल्याने कॉम्प्युटरवर बोटं चालवली.

"शनिवारी रात्रीची एक सीट आहे. झकास. खिडकी."

मी तिथूनच तिला फोन लावला, स्पीकरवर. तिने एवढंच विचारलं, "पोचणार कधी?"

"रविवारी," तिकीटवाला म्हणाला. "तिकडे दिवस मागे असतो ना, सुटलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी पोचता."

"रविवार नको," ती म्हणाली. "त्याच दिवशी कुणी हुज्जत घातली तर? सोमवारच्या पुढे."

सोमवार भरलेला. मंगळवार भरलेला. बुधवारी एक होती, पण मध्ये विमान बदलायला पन्नास मिनिटं. ती फोनवरून म्हणाली, "हा माणूस पन्नास मिनिटांत नुसतं विमानतळाचं वर्णन करतो. नको." तिच्या तोंडून टोमणा ऐकून माझ्या जिवात जीव आला. शेवटी गुरुवारी पोचणारी सीट निघाली. व्हिसा संपायला पाच दिवस राखून. मधली, दोन माणसांच्या मध्ये दाबलेली. मी म्हटलं, पंखाला बांधून नेलंत तरी चालेल.

तिकीट हातात आलं, पण गावात तोंड कसं दाखवायचं? रिक्षातून उतरलो तर मासळी वाळत घालणारी ती कोळीण मावशी समोरच.

"आरं! तू आजून हायस व्हय? आमी तं रडून बी घेतलं!"

"मावशी, तारीख चुकली जरा."

"मंग ती शाल आन् नारळ परत घेतील का न्हाय ते?"

दाजी त्याहून वरचढ. संध्याकाळी ओटीवर येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मेव्हणे, पुढच्या निरोपाला तीच खुर्ची ठेवू का दुसरी काढू? भाषण नवं असेल तर माणसं गोळा करतो. जुनंच असेल तर आम्हाला पाठ आहे."

दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. मग म्हसळ्याला दाजींच्या बंद घरात जाऊन राहिलो. तिथे मला कोण ओळखतं, असा विचार. तर स्टँडवरचा चहावाला कप पुढे करत म्हणाला, "तुम्ही ते तिथीवाले का?" दाजींनी माझ्याआधी तिथे फोन केला होता. चौथ्या दिवशी परत आलो आणि लाज सोडून दिली. तोवर दाजींनी घेतलेल्या पहिल्याच मंडपाचं तोंड पश्चिमेला झालं होतं. कलत्या दुपारी ऊन सरळ नवरीच्या डोळ्यांत येणार होतं. मी बांबू हलवायला लावले. दाजी म्हणत होते, "सत्कारमूर्तींनी हात लावू नये," आणि एका हाताने मुकाट्याने खुंटी उपटत होते.

रोज संध्याकाळी तिचा फोन. पहिले काही दिवस नुसती कामाची भाषा. व्हिसावर एका कोपऱ्यात काही अक्षरं असतात. मला व्हिसा दिला तेव्हा लग्न दोन वर्षांचं नव्हतं, म्हणून ती अक्षरं दोन वर्षांच्या कार्डाची होती. उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्याला लग्नाचा दाखला दाखवायचा, दोन वर्षं पूर्ण झाली म्हणून सांगायचं आणि ती अक्षरं बदलून घ्यायची. अधिकाऱ्याच्या लक्षात आलं नाही तर आपण बोलायचं. तिने मला तीन इंग्रजी वाक्यं लिहून दिली. जास्त एकही बोलायचं नाही, अशी ताकीद.

तालमीला अधिकारी झाले दाजी. माझ्याच दुकानातलं टेबल, त्यावर टॉर्च, डोळ्यांवर ताईचा चष्मा.

"नाव काय?"

"दाजी, अधिकारी मराठीत विचारत नाही."

"मी विचारतो. बॅगेत काय आहे?"

मी पहिलं वाक्य म्हटलं. दाजी म्हणाले, "पुन्हा. रडू नका. तुम्हाला प्रत्येक ठिकाणी रडायची सवय लागलीय." तीन वाक्यं मी अशी घोटली, की ताई भाकरी थापताना ती गुणगुणायला लागली.

खऱ्या वाढदिवसाच्या रविवारी मी तिला फोन केला. हार नाही, कुर्ता नाही. ती म्हणाली, "आज." मी म्हटलं, "आज." एवढा मोठा प्रसंग मी एका शब्दात उरकल्याचं दुसरं उदाहरण माझ्या आयुष्यात नाही.

पुन्हा निघालो तेव्हा मंडप नव्हता. ताई फाटकापर्यंत आली. मावशीने विचारलं, "या टायमाला नक्की ना? का आमी थांबू जरा?"

विमानात काय झालं ते सोडून देतो. मी दोन झोपलेल्या माणसांच्या मध्ये बसून तीन वाक्यं म्हणत होतो. उतरल्यावर रांग, रांगेनंतर एक काचेची खिडकी, आणि खिडकीत ताईच्या वयाची एक बाई. तिने पासपोर्ट घेतला, व्हिसाचं पान उघडलं. मी दाखला पुढे सरकवला, छाती भरून श्वास घेतला, उजवा हात थोडा वर केला आणि तोंड उघडलं.

आवाज गेला होता. पाचशे माणसांच्या मंडपात माइकशिवाय ऐकू येणारा माझा आवाज. नुसती हवा बाहेर आली. मी दाखल्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं आणि तसाच उभा राहिलो.

बाईंनी तारीख पाहिली. व्हिसा पाहिला. मग बोटांवर काहीतरी मोजलं, मान वर केली आणि इंग्रजीत विचारलं, "चार दिवस झाले?"

मी मान हलवली.

त्या हसल्या. शेजारच्या खिडकीतल्या माणसाला काहीतरी सांगितलं, तोही हसला. मग पेन घेऊन त्यांनी ती अक्षरं खोडली, वर दुसरी लिहिली, शिक्का मारला आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. शिक्क्याचा आवाज झाला तसा माझा आवाज परत आला. मी तिन्ही वाक्यं खणखणीत म्हणून दाखवली. काही गरज नव्हती, पण इतकी पाठ केलेली वाक्यं पोटात घेऊन कुठे जायचं? बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

दार सरकलं. ती कठड्याला टेकून उभी होती, कामावरचेच कपडे, त्यावर मोठा कोट. मला पाहून तिने हात केला नाही. जवळ गेलो तेव्हा एवढंच विचारलं, "अक्षरं?"

माझ्या मनात आलं, जरा चेहरा पाडावा, एक सुस्कारा टाकावा. सुरुवातही केली. पण तिच्या ओठांकडे लक्ष गेलं. ते घट्ट मिटलेले होते, आणि कोटाच्या बाहीतून आलेली बोटं एकमेकांत अडकवलेली. मला ते नाटक पुढे नेता आलं नाही. पासपोर्ट तिच्या हातात दिला.

तिने पान उघडलं. वाचलं. प्रकाशाकडे धरून पुन्हा वाचलं.

"दहा?"

"दहा."

"कुणी काही विचारणार नाही?"

"कुणी नाही."

तिने पासपोर्ट मिटून स्वतःच्या पर्समध्ये टाकला आणि एवढा मोठा श्वास सोडला की शेजारच्या माणसाने वळून पाहिलं. मग डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे आता आपण भांडू शकतो."

"एवढे दिवस काय करत होतो?"

"एवढे दिवस मी जपून भांडत होते. चल, थंडी आहे. हा कसला स्वेटर घातलायस? हा चौलला सकाळी फिरायला जायचा स्वेटर आहे!"

"तूच म्हणालीस फार सामान नको."

"मी फेब्रुवारीत अर्ध्या बाहीचं घाल असं म्हणाले?"

बाहेर गाड्यांचा मोठा तळ होता, चार मजल्यांचा. तिने गाडी कुठल्या मजल्यावर लावली ते तिला आठवेना. मी म्हटलं, माणसाने निदान खांबाचा आकडा तरी बघून ठेवावा. ती म्हणाली, आकडे बघण्याबद्दल तू बोलू नकोस. मी बॅग ओढत पुढे, ती किल्लीचं बटण दाबत मागे, कुठेतरी कुठलीतरी गाडी पीं पीं करत होती, आणि आम्ही दोघं मोठमोठ्याने भांडत दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर चढत होतो.